‘होती’ या शब्दातलं छायाचित्र

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, “सर, फोनमध्ये आईचे हजारो फोटो आहेत, तरी ती त्यात का सापडत नाही?” प्रश्न साधा वाटतो, पण आहे मोठा. आज त्याविषयीच थोडं बोलू.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांची आई १९७७ साली गेली. ते तिचे जुने फोटो चाळत बसले. चेहरा ओळखू यायचा, पण ‘ती’ भेटेना. शेवटी भेटली ती १८९८ सालच्या एका फोटोत. पाच वर्षांची मुलगी, भावाबरोबर काचेच्या बागघरात उभी. म्हणजे बघा, ज्या वयात त्यांनी आईला पाहिलंच नव्हतं, त्या वयातली! १९८० साली आलेल्या पुस्तकात बार्थ यांनी इतर कितीतरी फोटो छापले, हा मात्र छापला नाही. कारण तुमच्याआमच्यासाठी तो नुसताच एक जुना फोटो ठरला असता.

चित्रकार मनातला माणूस रंगवू शकतो. कॅमेऱ्यापुढे मात्र कुणीतरी असावंच लागतं. म्हणून फोटो एवढंच सांगतो : ती होती. आपल्या मराठी ‘होती’मध्ये दोन्ही अर्थ आहेत. ती खरोखर होती, आणि आता नाही.

मग दुःख ज्याचं त्याच्यापाशीच राहतं का? फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलावंताचा जोडीदार रॉस १९९१ साली एड्सने गेला. त्याच वर्षी फेलिक्सने एक कृष्णधवल फोटो केला. रिकामा बिछाना, शेजारी शेजारी दोन उशा, त्यांवर डोकी टेकल्याचे खळगे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये २४ ठिकाणी, जाहिरातींच्या फलकांवर तो झळकला. नाव नाही, मजकूर नाही. बार्थ यांनी फोटो झाकून ठेवला, फेलिक्सने माणूसच वगळला. दोघांनीही जागा रिकामी ठेवली, आणि त्या जागी बघणाऱ्याला आपलं माणूस आठवू शकतं.

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येतो. माझी पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या अल्बममध्ये ती फारशी नाहीच, कारण कॅमेरा तिच्याच हातात असायचा. बरीच वर्षं मला त्याची खंत वाटे. मग एकदा लक्षात आलं, त्या सगळ्या फोटोंत आम्ही तिच्याकडेच बघून हसतोय.

तेव्हा आज घरी गेलात की एवढं करा. आईचा फोटो शोधण्याआधी, तिने काढलेला एखादा फोटो बघा.