‘तेल-साखर सोडा’ असं कोणी म्हटलं?



आपल्या चांदूर बाजारकडं गटाच्या बैठकीत खाण्यापिण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. “आधी म्हणे तेल-तूप खाऊ नका. आता म्हणते तूप चांगलं, साखरच वाईट. कोणाचं ऐकावं बाप्पा?” आणि मग कोणाचंच ऐकलं जात नाही.

पण सल्ला खरंच असा उलटा झाला का? 1980 साली अमेरिकेच्या सरकारनं लोकांसाठी आहाराच्या सात सूचना काढल्या. त्यात ‘जास्त चरबी टाळा’ होतं आणि ‘जास्त साखर टाळा’ हेही होतं. लोकांनी चरबी तेवढी लक्षात ठेवली, साखर विसरले. आणि ‘जास्त’ हा शब्द तर गळूनच पडला.

आपल्याकडं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये नवा सल्ला दिला. 2000 कॅलरीच्या आहारात तेल-तूप मिळून दिवसाला सुमारे 27 ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे पाच चमचे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला तेल-तूप सव्वातीन किलो आणि साखर जास्तीत जास्त तीन किलो झाली. शेतात अंगमेहनत करणारीला थोडं अधिक तेल चालतं.

आता साखर कुठून येते ते पाहा. दिवसात चार कप चहा, कपाला दोन चमचे. इथंच आठ चमचे झाले. बिस्किटं, थंड बाटली, गोड पदार्थ वेगळेच. “आम्ही गूळ घालतो,” असं कोणी म्हणेल. पण गुळातही बहुतेक साखरच असते, म्हणून तोही याच हिशेबात धरायचा.

आपल्या बागेतलं संत्रं मात्र या पाच चमच्यांत येत नाही. अख्ख्या फळात चोथा असतो, त्यामुळं साखर हळूहळू अंगात जाते. रस काढला की चोथा गेला आणि एका ग्लासात तीन-चार संत्री पोटात गेली. म्हणून संत्रं सोलून खा. मधुमेह असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारा.

तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ लिहिलेलं असतं. ते कोणत्याच वनस्पती तेलात नसतं. पण त्या तेलाचाही प्रत्येक ग्रॅम नऊ कॅलरी देतो, म्हणून हात सैल सोडू नका. एकच तेल धरून बसण्यापेक्षा शेंगदाणा, करडई, तीळ, सोयाबीन असं आलटून-पालटून वापरा. जवसाची चटणी ताटात राहू द्या. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं बाळाचं. “तेल वाईट” हे ऐकून काही घरांत लहान लेकराच्या वाटीतलं तेलही बंद होतं. असं करू नका. बाळाचं पोट लहान, खाणं थोडं. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की वरण-भातात चमचाभर तेल किंवा तूप हवंच. त्याच्यावर त्याची वाढ आहे.

या महिन्यात एक करा. तेलाची पिशवी आणि साखरेचा पुडा फोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. पुढच्या बैठकीत चारचौघी मिळून हिशेब लावू, कोणाकडं किती लागलं ते.