क्रुसाच्या छायेतील आशा

गुड फ्रायडेस येशूच्या क्रुसावरील मरणाचे आणि ईस्टरला त्याच्या पुनरुत्थानाचे स्मरण ख्रिस्ती बांधव करतात. या दोन दिवसांचा अर्थ आम्हांस पोलंडमधील आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत दिसतो. १९४१ साली तेथे दहा बंदिवानांना उपाशी मारण्याची शिक्षा झाली. त्यांतील एकाने बायकामुलांसाठी टाहो फोडताच फादर मॅक्सिमिलियन कोल्बे पुढे झाले व त्याच्याऐवजी मरणकोठडीत गेले. तो गृहस्थ १९९५ पर्यंत जगला. पत्नी भेटली, परंतु दोन्ही पुत्र युद्धात मृत्यू पावले होते. म्हणजे ही आशा सुखाची हमी नव्हे. प्रेमाने वाहिलेले प्राण व्यर्थ जात नाहीत, ही श्रद्धा होय. दधीचींच्या अस्थिदानाची कथा ऐकत वाढलेल्या आम्हांस ती परकी कशी वाटावी?