बोटांची किंमत

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातील व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर ५ जुलै २०२५ रोजी चाळीस हजारांहून अधिक श्रोत्यांसमोर चार वृद्ध कलावंतांनी आपला अखेरचा एकत्र कार्यक्रम सादर केला. चौघांनीही पंचाहत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली. गायक ऑझी ऑस्बर्न तर आजारपणामुळे आसनावर बसूनच गायला आणि त्यानंतर सतराच दिवसांनी त्याचे निधन झाले. साहजिकच जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. तथापि ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचा पन्नास वर्षांचा डोलारा ज्याच्या खांद्यावर उभा होता, तो गिटारवादक टोनी आयोमी त्या रात्रीही नेहमीप्रमाणे बाजूला उभा राहून वाजवीत होता. गायक, ढोलवादक बदलत गेले. पण पहिल्यापासून अखेरपर्यंत टिकला तो हा एकटाच. त्याचे चरित्र संगीताच्या रसिकांइतकेच श्रमाचा आणि उद्योगाचा विचार करणाऱ्यांनीही अभ्यासावे असे आहे.

आयोमीचा जन्म १९ फेब्रुवारी १९४८ चा. कुटुंब इटालियन वंशाचे. ॲस्टनमध्ये आईवडिलांचे छोटे दुकान होते आणि टोनी हा त्यांचा एकुलता मुलगा. बर्मिंगहॅमला ‘हजार धंद्यांचे शहर’ म्हणत. पत्रा, पितळ, मोटारी, सुटे भाग यांच्या लहानमोठ्या कारखान्यांनी ते गजबजलेले होते. कामगाराच्या मुलाने शाळा सोडावी आणि कारखान्याच्या दारात उभे राहावे, हा तिथला रिवाज. त्यानुसार आयोमीही पत्र्याच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे काम करू लागला. मन मात्र गिटारमध्ये होते. एका वाद्यवृंदाबरोबर जर्मनीला जाण्याची संधी आली आणि त्याने नोकरीचा राजीनामा दिला. त्या वेळी त्याचे वय सतरा वर्षांचे होते.

कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो घरी जेवायला आला. परत जाऊ नये असे त्याला वाटत होते. परंतु हाती घेतलेले काम नीट पुरे करावे, असा आईचा आग्रह पडला. त्या दिवशी पत्रा वाकवण्याच्या प्रेसवरचे नेहमीचे माणूस आले नव्हते. त्या यंत्राचा सराव नसलेल्या या मुलाला तिथे उभे करण्यात आले. प्रेस हातावर आला, त्याने दचकून हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या व तिसऱ्या बोटांची टोके तुटून गेली. आयोमी डावखुरा होता. इतरांचा डावा हात तारा दाबतो, याचा उजवा दाबत असे. म्हणजे ज्या दोन बोटांवर सारी भिस्त, नेमकी तीच गेली.

गिटार विसरून जा, असे डॉक्टरांनी सांगितले. मुलगा खचला. अशा वेळी त्या कारखान्यातलाच एक अधिकारी एक ध्वनिमुद्रिका घेऊन त्याच्या घरी आला. ती होती जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाची. १९२८ साली वस्तीच्या गाडीला लागलेल्या आगीत राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने युरोपभर कीर्ती मिळविली होती. हे ऐकून आयोमी पुन्हा उठला. भांडी घासण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली त्याने वितळवली, तापल्या सळईने तिच्या गोळ्याला भोक पाडले, घासूनपुसून शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या दोन टोप्या तयार केल्या आणि तारेवरून त्या घसरू नयेत म्हणून जुन्या कोटाचे चामडे त्यांना चिकटवले. बाजारात न मिळणारे अवजार त्याने स्वतःच घडविले. ज्या कारागिरीच्या जगाने त्याची बोटे घेतली, त्याच जगात हा हातोटीचा गुण रुजलेला होता, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

टोप्यांमुळे तारेचा स्पर्श कळेनासा झाला होता. जाड तारा दाबताना बोटे दुखत. म्हणून त्याने बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावून पाहिल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत काही गीतांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. तारा सैल झाल्या, नाद अधिक खोल व गडद झाला. गुंतागुंतीच्या स्वरमेळांऐवजी दोन-तीन स्वरांचे भरदार आघात हा त्याच्या वादनाचा कणा बनला. ‘हेवी मेटल’ म्हणून पुढे जगभर पसरलेल्या संगीतप्रकाराचा पाया तो हाच. अर्थात या नादाचे सारे श्रेय जखमेला देणे चुकीचे ठरेल. त्यात ध्वनिवर्धकांचा, साथीदारांचा आणि यंत्रांच्या ठोक्यांत वाढलेल्या शहराचाही वाटा होता.

साथीदारही त्याच मातीतले. ऑस्बर्न कत्तलखान्यात राबलेला, बासवादक गीझर बटलर हिशेबनिसाची उमेदवारी केलेला, ढोलवादक बिल वॉर्ड ॲस्टनचाच. १९६९ च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिली ध्वनिमुद्रिका एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. ती १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. समीक्षकांनी तिची टर उडविली, श्रोत्यांनी मात्र ब्रिटनमध्ये तिला आठव्या क्रमांकावर नेऊन बसविले. त्याच वर्षी आलेली ‘पॅरानॉइड’ पहिल्या क्रमांकावर गेली. परंतु खपाचे आकडे म्हणजे कलावंताचे उत्पन्न नव्हे. करारपत्रातील अक्षरे वाचण्याचे वय आणि शिक्षण या तरुणांजवळ नव्हते. १९७५ ची ‘सॅबोटाज’ ही ध्वनिमुद्रिका जुन्या व्यवस्थापनाशी चाललेल्या कोर्टकज्ज्यांच्या सावटाखाली तयार झाली. कारखान्यात यंत्र मालकाचे असते. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात स्वतःच्या निर्मितीचे हक्कही आपले नसू शकतात, हा धडा त्यांना उशिरा मिळाला.

या चरित्राची नेहमीची मांडणी अशी की, तो अपघात म्हणजे एक इष्टापत्तीच होती. बोटे तुटली म्हणून नवे संगीत जन्माला आले. ही मांडणी ऐकायला गोड वाटते, पण ती तपासून घेतली पाहिजे. प्रेसखाली बोटे गमावणारे हजारो कामगार होऊन गेले. त्यांच्यापैकी किती जणांच्या दारात कोणी ध्वनिमुद्रिका घेऊन आले? यशस्वी झालेल्या एकाकडे पाहून दुर्घटनेचे मोल ठरविणे म्हणजे सोडतीचे बक्षीस मिळालेल्याकडे पाहून तिकिटाची किंमत ठरविण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली पॉवर प्रेसबाबत स्वतंत्र नियम करण्यात आले आणि संरक्षक आच्छादनांची तपासणी प्रशिक्षित व्यक्तीने प्रत्येक पाळीत करावी असे बंधन आले. असे नियम करावे लागले ते बोटे तुटत होती म्हणून, आणि त्या तुटण्यातून बहुधा काहीच नवे निर्माण होत नव्हते म्हणून.

भारतातील १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा ब्रिटिश कायद्याच्याच धर्तीवर झाला. त्याच्या सुधारित परिशिष्टात प्रत्येक अवयवापुढे टक्केवारी होती; एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट धरली जात असे. त्या हाताने माणूस गवंडीकाम करीत होता की सतार वाजवीत होता, हे विचारण्याची सोय त्या तक्त्यात नव्हती. भरपाईला कोष्टक लागते, हे मान्य केलेच पाहिजे. पण कोष्टक म्हणजे न्याय नव्हे. म्हणूनच भरपाईच्या दरापेक्षा प्रेसवरचे आच्छादन आणि त्याच्यापुढे उभे राहणाऱ्याचे प्रशिक्षण यांना अग्रक्रम असला पाहिजे.

आयोमीची जिद्द मात्र वादातीत आहे. २०१२ साली त्याला लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार घेत घेतच त्याने काम चालू ठेवले आणि २०१३ साली आलेली ‘थर्टीन’ ही ध्वनिमुद्रिका ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

त्याच्या शहराचे भाग्य तितके बलवत्तर ठरले नाही. कारखाने एकामागून एक बंद पडले. लाँगब्रिजचा प्रचंड मोटार कारखाना २००५ साली कोसळला. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने आपली तिजोरी खर्चाला पुरत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली; त्याच महिन्यात त्या शहराच्या रॉयल बॅले संस्थेने ‘ब्लॅक सॅबथ’च्या संगीतावरील नृत्यनाट्य रंगमंचावर आणले. २०२५ साली चौघांना शहराचे मानकरी करण्यात आले. ज्या शहराने या पोरांना पत्र्याच्या आणि मांसाच्या कारखान्यांत धाडले, त्याला उतारवयात त्यांचाच अभिमान उरला. हा अभिमान योग्यच आहे. फक्त त्या सन्मानाच्या वेळी त्या जुन्या प्रेसचीही आठवण राहावी. कारण जिद्दीचे कौतुक करणे सोपे असते, आणि तिची गरज कोणाला पडू नये अशी व्यवस्था उभारणे हेच खरे कठीण काम असते.