बिनतारी जाळें आणि घराचा उंबरठा

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आज दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यांत एक लहानशी पेटी असते. तिच्यावर दोन-चार हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि बहुधा शिंगांसारख्या दोन दांड्याहि उभ्या असतात. हिला राउटर म्हणतात. इंटरनेटची तार बाहेरून येऊन या पेटीपाशीं संपते. तेथून पुढें घरांतील मोबाईल, संगणक, टेलिव्हिजन यांच्याशीं जें दळणवळण चालतें तें बिनतारी लहरींच्या द्वारें. या व्यवस्थेस वायफाय हें नांव रूढ झालें आहे. पेटी बसविणारा कारागीर अर्ध्या तासांत काम उरकून जातो, मुलांचे मोबाईल सुरू होतात, आणि घरचीं माणसें पेटीला विसरून जातात. वस्तुतः त्या क्षणापासून घराला आणखी एक दार झालेलें असतें, आणि तें लावलेलें आहे कीं उघडें आहे हें डोळ्यांना दिसत नाहीं. या अदृश्य दाराचा आणि त्याच्या कुलुपाचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

राउटरमधून निघणाऱ्या लहरी आणि आकाशवाणीच्या लहरी यांची जात एकच, फरक लांबीचा. मध्यम लहरींवरील केंद्राची लहर शेंकडों मीटर लांब असते. वायफायची लहर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सुमारें साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सुमारें सहा सेंटिमीटर इतकीच असते. भिंतींतून जातांना ती क्षीण होते, पण थांबत नाहीं. त्यामुळें घरांतील लहरी वरच्या मजल्यावर, जिन्यांत, शेजारच्या बिऱ्हाडांत आणि कित्येकदां रस्त्यावरहि पोंचतात. दुसरा फरक उद्देशाचा आहे. आकाशवाणी बोलते ती सर्वांनीं ऐकावें म्हणून. घरचें वायफाय असतें तें घरच्यांपुरतें. लहरीला हा भेद कळत नाहीं. शिवाय रेडिओ केवळ ऐकावयाचा असतो, वायफायवर ऐकणारा बोलूंहि शकतो. म्हणून ज्या लहरीला भिंतीचा अटकाव नाहीं तिला कुलूप घालावयाचें तर तें सांकेतिक भाषेचेंच असावें लागतें.

उघड्या जाळ्यांत परका माणूस शिरला तर काय बिघडतें, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. शेजारच्या मुलानें चार गाणीं ऐकलीं तर घरच्यांचें फारसें जात नाहीं, हें खरें. पण तोटे तीन प्रकारचे आहेत. पहिला किरकोळ : इंटरनेटचा वेग वांटला जातो. दुसरा त्याहून मोठा : जाळ्याच्या आंत आलेल्यास घरांतील छपाईयंत्र, कॅमेरा, संगणकांवरील सामाईक कागदपत्रें यांचीं दारें ठोठावतां येतात. तिसरा सर्वांत गंभीर असून त्याची कल्पना फारच थोड्यांना असते. परका जें कांहीं करील तें जगाला घरमालकाच्या नांवावर झालेलें दिसतें.

याचें कारण इंटरनेटच्या रचनेंत आहे. पुरवठा करणारी कंपनी प्रत्येक जोडणीस एक अंकात्मक पत्ता देते, त्यास आय.पी. पत्ता म्हणतात. घरांत दहा उपकरणें असलीं तरी बाहेरच्या जगाला बहुधा एकच पत्ता दिसतो, कारण राउटर सर्वांच्या वतीनें त्याच पत्त्यानें बोलतो. एखाद्या संदेशाचा माग काढणाऱ्यास इतकेंच कळतें कीं, तो अमुक वेळीं अमुक पत्त्यावरून निघाला. कंपनीची वही पाहिली कीं त्या पत्त्यापुढें घरमालकाचें नांव सांपडतें. संदेश कोणत्या हातानें लिहिला हें त्या वहींत नसतें.

हा धोका काल्पनिक नाहीं, हें महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. ता. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबाद शहरांत एकामागून एक स्फोट झाले आणि ५० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. स्फोटांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांकडे धमकीची एक ईमेल आली होती. तिचा माग काढीत पोलीस नव्या मुंबईंत सानपाडा येथील एका घरीं पोंचले. तेथें एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांची चौकशी झाली, संगणक तपासणीसाठीं नेण्यांत आले, आणि देशभरच्या वृत्तपत्रांत त्यांचें नांव झळकलें. त्यांच्या वायफायचा उपयोग बाहेरच्या माणसांनीं करून घेतला होता, असें पुढें तपासांत दिसून आलें. त्याच वर्षीं ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत तशाच आणखी दोन ईमेल निघाल्या. एकीचा माग माटुंग्यांतील एका महाविद्यालयापाशीं, तर दुसरीचा चेंबूर येथील एका कंपनीपाशीं लागला. तेथेंहि जाळें एकाचें आणि वापरणारा दुसराच, असा प्रकार होता. यानंतर २००९ सालीं केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानें वायफायच्या सुरक्षित वापराविषयीं इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. मालकाच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या जाळ्यांत शिरणें हें २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याविरुद्ध आहेच. तें अप्रामाणिक हेतूनें केल्यास कलम ६६ अन्वयें ३ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु कायदा चोराला शासन करतो. घराचें दार लावण्याचें काम घरच्यांचेंच राहतें.

आतां कुलुपाकडे वळूं. बिनतारी जाळ्यांचें पहिलें सर्वमान्य प्रमाण १९९७ सालीं ठरलें, आणि त्याबरोबरच डब्ल्यू.ई.पी. नांवाची सांकेतिक पद्धति आली. २००१ पर्यंत तिच्यांतील दोष तज्ज्ञांनीं उघड केले. आज तें कुलूप कांहीं मिनिटांत उघडतां येतें. २००३ सालीं तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यू.पी.ए. आणि २००४ सालीं डब्ल्यू.पी.ए.-२ ही बळकट पद्धति निघाली. २०१७ सालीं तिच्यांतहि एक फट सांपडली. ती उपकरणांच्या अंतर्गत आज्ञावलींत दुरुस्ती करून बुजवितां आली. २०१८ सालीं डब्ल्यू.पी.ए.-३ आली. राउटरमध्यें शेवटच्या दोहोंपैकीं एक निवडलेली असावी, शक्य तर शेवटची. ज्या जुन्या पेटींत पहिल्या दोनच पद्धती आहेत ती बदलून टाकणें हाच उपाय होय.

कुलूप चांगलें असून किल्ली हलकी असेल तर व्यर्थ. येथें किल्ली म्हणजे परवलीचा शब्द. डब्ल्यू.पी.ए.-२ पद्धतींत एखादें उपकरण जाळ्यास जोडलें जातांना जी सांकेतिक देवघेव होते ती बाहेरचा माणूस टिपून घेऊं शकतो आणि मग स्वस्थपणें घरीं बसून आपल्या संगणकाकरवीं एकेक शब्द लावून पाहतो. चांगल्या प्रतीचें यंत्र सेकंदाला सुमारें दहा लाख शब्द लावून पाहतें. आपल्याकडे पुष्कळ घरांत स्वतःचा मोबाईल क्रमांकच परवलीचा शब्द म्हणून ठेवलेला असतो. भारतांतील मोबाईल क्रमांक दहा अंकी असून त्याचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ असतो. अर्थात् संभाव्य क्रमांक फार तर ४०० कोटी. दहा लाखांनीं भागिलें तर ४,००० सेकंद होतात, म्हणजे सव्वा तासहि नाहीं. मुलाचें नांव आणि जन्मसाल यांची जोडी तर त्याहूनहि लवकर सांपडते.

याउलट सुमारें दोन हजार साध्या शब्दांची एक यादी घेऊन तींतून चिठ्ठ्या टाकून शब्द निवडले, तर काय होतें पाहावें. चार शब्द जोडले कीं तेंच यंत्र सर्व जोडण्या तपासण्यास सहा महिने घेतें. पांच शब्द जोडले तर सुमारें एक हजार वर्षें लागतात. शंभर यंत्रें जुंपलीं तरी दहा वर्षें. 'कंदील, जांभूळ, पायरी, सुतार, ओढा' असे असंबद्ध पांच शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तर आजीलाहि पाठ होतील आणि यंत्राला दाद देणार नाहींत. मात्र शब्द चिठ्ठीनेंच निघावे. म्हण, गाण्याची ओळ किंवा भाषणांत ऐकलेलें हें उदाहरण उचलूं नये. तीं चोराच्याहि यादींत असूं शकतात.

परवलीचा शब्द बळकट असूनहि एक खिडकी उघडी राहते. शब्द टंकित करण्याचा त्रास वांचावा म्हणून कित्येक राउटरांत डब्ल्यू.पी.एस. नांवाची सोय असते. तींत आठ अंकी क्रमांकानें उपकरण जोडतां येतें. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता, असें वाटतें. पण राउटर पहिले चार अंक वेगळे तपासतो आणि उरलेले वेगळे, शिवाय शेवटचा अंक आधींच्या सातांवरूनच ठरतो. म्हणून १०,००० आणि १,००० मिळून ११,००० प्रयत्न पुरतात. ही गोष्ट २०११ सालच्या डिसेंबरांत जाहीर झाली. ही सोय बंद ठेवावी.

राउटरच्या व्यवस्थापनाचा एक वेगळा परवलीचा शब्द असतो, याची आठवण थोड्यांनाच असते. कारखान्यांतून पेटी निघते तेव्हां तो बहुधा ठराविक असतो. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या उपद्रवी आज्ञावलीनें अशा ठराविक शब्दांची एक लहानशी यादी घेऊन जगांतील लाखों कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले होते. म्हणून पेटी बसतांच हा शब्द बदलावा, बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद करावी, आणि कारखानदार वेळोवेळीं देतो त्या दुरुस्त्या चढवाव्या. जाळ्याचें नांव लपवून ठेवणें किंवा ठराविक उपकरणांनाच प्रवेश देणें, या युक्त्यांवर मात्र विसंबूं नये. लपविलेलें नांव उपकरणांच्या बोलण्यांत उघड होतें, आणि उपकरणाची ओळख खोटी सांगतां येते. कुलूप नसलेल्या दारावर पडदा सोडावा, तशी त्यांची योग्यता.

राहतां राहिला प्रश्न रीतिरिवाजाचा. आपल्याकडे आलेल्या पाहुण्यास पाण्याबरोबर वायफायचा परवलीचा शब्दहि विचारल्याशिवाय सांगितला जातो, आणि शेजाऱ्याला नाहीं म्हणणें जड जातें. यावर बहुतेक नव्या राउटरांतच तोड आहे. त्यांत पाहुण्यांसाठीं निराळें जाळें उघडतां येतें. त्यावरून इंटरनेट मिळतें, पण घरांतील संगणक व कागदपत्रें यांपर्यंत पोंचतां येत नाहीं. त्याचा शब्द महिन्या-दोन महिन्यांनीं बदलला कीं जुन्या ओळखी आपोआप गळतात, आणि कोणाचा मानभंगहि होत नाहीं. मात्र या जाळ्यावरचें वर्तनहि घरमालकाच्याच पत्त्यावर नोंदलें जात असल्यामुळें तें ओळखीच्या माणसांपुरतेंच असावें. भाडेकरू सोडून गेला, मोबाईल हरवला किंवा जुना विकला, तर मुख्य शब्दहि त्याच दिवशीं बदलावा. जोडलेल्या उपकरणांची यादी राउटर दाखवितो; ती मधून मधून पाहून जें ओळखीचें नाहीं त्याची चौकशी करावी.

एवंच, सांगितलेलीं सर्व कामें मिळून एका दुपारचीं आहेत, आणि त्यांना पैसा बहुधा लागत नाहीं. घरांतील कर्त्या माणसास तीं जमत नसतील तर कॉलेजांत जाणाऱ्या मुला-मुलींस हाताशीं घ्यावें. इतर कुलुपें चोरापासून आपली चीजवस्तु राखतात. हें कुलूप त्याखेरीज आपलें नांवहि राखतें, आणि आपल्या दारांतून निघून दुसऱ्याच्या घरावर जाऊं शकणारें संकटहि अडवितें. म्हणून त्याची हयगय ही केवळ स्वतःपुरती हयगय राहत नाहीं.