किती जीबी नव्हे, किती दिवस?

मागच्या आठवड्यात एका दर्शकाने विचारलं, "कर्नल साहेब, आमच्या कंपनीत तीनशे माणसं आहेत. मेल सर्व्हरला डिस्क किती घ्यावी? विक्रेता म्हणतो दहा टीबी, अकाउंट्सवाले म्हणतात दोन पुरे." आज याचाच हिशेब मांडू. कागद-पेन्सिल घेऊन बसा. गणित पाचवीचं आहे.

आधी लडाखची गोष्ट. हिवाळ्यात बर्फाने झोजी ला बंद व्हायचा, म्हणून पुढच्या चौक्यांचं धान्य, रॉकेल, औषधं उन्हाळ्यातच वर चढवायची. आम्ही याला 'ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग' म्हणत असू. त्या वेळी गोदामात किती पोती मावतात, हा प्रश्न शेवटी यायचा. आधी तीन प्रश्न असायचे: रोजचा खप किती, वाट किती दिवस बंद राहणार, आणि वाट उशिरा उघडली तर हाताशी राखीव किती. मेल सर्व्हरचंही असंच आहे.

निवृत्तीनंतर मी एका कारखान्यात प्रशासन पाहत होतो. नाव सांगत नाही. तिथे एका शुक्रवारी सकाळी आयटीच्या मुलाला विचारलं, "डिस्कवर जागा आहे ना?" तो म्हणाला, "तीस जीबी मोकळे आहेत, सर." तीस ऐकून माझं समाधान झालं. चूक माझी होती. रोज किती खर्च होतात, हे मी विचारलंच नाही.

तिथे मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज होतं. त्यात प्रत्येक व्यवहाराची नोंद लॉग फाइलमध्ये होते, आणि पूर्ण बॅकअप नीट झाला की जुने लॉग पुसले जातात. आमचा बॅकअप दोन आठवडे अडलेला होता आणि त्याचा इशारा कुणी पाहिला नव्हता. त्यातच जुने मेलबॉक्स एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवणं चालू होतं, त्यात लॉग भराभर वाढतात. रोज पंधरा जीबी जात होते. म्हणजे तीस जीबी हा दोन दिवसांचा शिधा होता.

शनिवारी रात्री सर्व्हरने नवीन मेल घेणं थांबवलं. अशा वेळी सर्व्हर समोरच्याला ४५२ हा कोड देतो. अर्थ असा की सध्या जागा नाही, नंतर या. मेल लगेच हरवत नाही, समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. पण वेळ जातोच. एका ग्राहकाने रविवारी सुधारित दर मागवले होते, सोमवारी दुपारी बारापर्यंत. ते पत्र आम्हाला सोमवारी तीनला मिळालं. वर्षभराचं काम हातचं गेलं. डिस्कची किंमत त्याच्यापुढे काहीच नव्हती.

आता हिशेब. पहिली पायरी, रोजचा खप. हा अंदाजाने धरू नका, मोजा. दर सोमवारी सकाळी वापरलेली जागा वहीत लिहा, तीन महिने. दोन सोमवारांतला फरक म्हणजे आठवड्याचा खप. उदाहरणासाठी धरू की माणशी रोज ऐंशी मेल, येणारे-जाणारे मिळून, आणि सरासरी शंभर केबीचा एक. म्हणजे माणशी ८ एमबी. तीनशे जणांचे २.४ जीबी. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर ६० जीबी, वर्षाला ७२० जीबी.

ही सरासरी अटॅचमेंट बिघडवतात. ईमेलची घडण मुळात साध्या अक्षरांसाठी झाली. त्यामुळे चित्र किंवा ड्रॉइंग पाठवताना तीन बाइटची चार अक्षरं होतात. १५ एमबीचं ड्रॉइंग प्रवासात २० एमबीचं होतं. ते बारा जणांना पाठवलं तर २४० एमबी, शिवाय पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये आणखी २०. सर्वांची मिळून एकच प्रत ठेवायची सोय एक्स्चेंजने २०१० च्या आवृत्तीपासून काढून टाकली. म्हणून मोठी फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि मेलमध्ये फक्त लिंक पाठवा. नवीन डिस्क घेण्याआधी ही सवय लावा.

दुसरी पायरी, किती वर्षं ठेवायचं. हा प्रश्न आयटीचा नाही, मालकाचा आणि सीएचा आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. ज्या मेलमध्ये बिलं आणि करार आहेत, ते वेगळ्या संग्रहात हलवा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आहेत. त्यांची जागाही धरा.

आपण चालू सर्व्हरवर तीन वर्षं धरू. खप दर वर्षी वीस टक्क्यांनी वाढेल असं मानलं, तर ७२०, ८६४ आणि १०३७ मिळून सुमारे २.६ टीबी. जुने मेल ०.६ टीबी. झाले ३.२. शोध-सूची, लॉग, पुसलेले पण परत मिळवता येणारे मेल, यांसाठी वीस टक्के वाढवा, म्हणजे ३.८४. डिस्क पाऊणच्या वर भरू द्यायची नाही, म्हणून ०.७५ ने भागा. उत्तर ५.१२ टीबी.

आता खरेदी. दोन-दोन टीबीच्या सहा डिस्क रेड-१० मध्ये लावल्या की निम्मी जागा मिळते, ६ टीबी. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, संगणक १०२४ ने. त्यामुळे पडद्यावर साधारण ५.४६ दिसतील. विक्रेत्याने फसवलं असं समजू नका. आपल्याला तेवढे पुरतात. म्हणजे आपल्या दर्शकाचे विक्रेते आणि अकाउंट्सवाले, दोघांचाही नेम चुकला.

पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे भिंतीवर लिहून ठेवा. एक डिस्क गेली तर रेड वाचवतं. चुकून पुसलेला मेलबॉक्स ते वाचवत नाही. बॅकअपची जागा वेगळी धरा, एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी एखादा मेलबॉक्स खरोखर परत उभा करून पाहा.

तिसरी पायरी, वाट किती दिवस बंद. तुमच्याकडे मागणी लिहिल्यापासून डिस्क बसेपर्यंत किती दिवस जातात? तीन कोटेशन, मालकाची सही, माल येणं, रात्रीचं काम. समजा दहा आठवडे. त्या काळात सुमारे १५० जीबी मेल येतील. लॉग वगैरे धरून आणि तेवढंच राखीव ठेवून मी ४०० जीबीची रेघ आखेन. मोकळी जागा त्याखाली आली की खरेदीचा कागद त्याच दिवशी निघाला पाहिजे.

कोटा सगळ्यांना सारखा देऊ नका. डिझाइन आणि विक्री विभागाला जास्त, गेटवरच्या केबिनला थोडा. पण निविदा आणि चौकशी जिथे येतात, त्या मेलबॉक्सचं येणं कोट्यामुळे कधीही अडता कामा नये.

क्लाउड घेतला तरी हा हिशेब सुटत नाही. काही सेवांत जागा माणसागणिक असते, काहींत सर्वांची मिळून. करार करण्याआधी हे विचारून घ्या.

त्या सोमवारनंतर आमचा आयटीचा मुलगा रोज सकाळी मला दोनच गोष्टी सांगायचा: "बॅकअप झाला, सर. एकशे चाळीस दिवस आहेत." उद्या ऑफिसला गेलात की तुमच्या माणसाला हाच प्रश्न विचारा: किती दिवस? उत्तर देताना तो अडखळला, तर वही त्याच दिवशी सुरू करा.

पुढच्या भागात बॅकअप तपासायची कवायत पाहू. जय हिंद.