हिशेबाची वही आपली, तर किल्लीही आपल्याच हातात हवी

कापडाच्या धंद्यात भांडवलाइतकीच मोलाची वस्तू म्हणजे हिशेबाची वही. कोणाकडे किती उधारी आहे, इचलकरंजीहून किती तागे आले, गांधीनगरच्या पेढीचे किती देणे राहिले, हे सारे वहीत असते. वडीलधाऱ्यांच्या काळी ही वही लाल कापडात बांधलेली असे. वाळवी लागली नाही, पावसाचे पाणी शिरले नाही तर ती पन्नास वर्षांनीही उघडून वाचता येई. कुरआनच्या सूरह बकरातील २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे आणि ती संपूर्ण कुरआनातील सर्वात मोठी आयत आहे. एवढ्यावरूनही आपल्या दीनमध्ये हिशेबाच्या लिखाणाला काय स्थान आहे हे कळावे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानदारालाही संगणकावर यावे लागले. त्यात सोय पुष्कळ झाली, पण एक गोष्ट आपल्या नकळत बदलली. वही आता कोणाच्या तरी प्रोग्रामच्या पोटात आहे. प्रोग्राम उघडला तर वही उघडते, नाहीतर नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे आजची वही सहा वर्षांनंतरही उघडली पाहिजे. ती उघडण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे.

क्रॅक कॉपीचा धोका

पैसे देऊन परवान्याचे सॉफ्टवेअर घेणारे व्यापारी आहेत. त्यांचे योग्यच आहे. पण पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेली कॉपी बसवून घेणारे आपल्या बाजारात थोडे नाहीत. यात तीन प्रकारचे नुकसान आहे.

पहिले, कायद्याचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलम ६३-ब घालण्यात आले. त्याप्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड.

दुसरे, दीनचे. ओआयसीच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील पाचव्या अधिवेशनात ठराव क्र. ४३ संमत केला. व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखन, शोध हे मालकाचे हक्क आहेत, शरीअतमध्ये त्यांना संरक्षण आहे आणि त्यावर अतिक्रमण करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. बारीक मसला आपल्या उलमांना विचारावा. पण हलाल रोजीचा हिशेब दुसऱ्याचा हक मारून ठेवणे शोभत नाही, हे समजायला मोठ्या इल्मची गरज नाही.

तिसरे, धंद्याचे. क्रॅक करणाऱ्याने आत आणखी काय घातले आहे हे कोणालाच ठाऊक नसते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. तशी वेळ आली तर क्रॅक कॉपीवाला तक्रार तरी कोणाकडे करणार?

तिसरा मार्ग

महाग परवाना आणि चोरीची प्रत यांच्याखेरीज एक तिसरा मार्ग आहे. त्याला ओपन सोर्स म्हणतात. हा शब्द १९९८ सालचा. पण विचार त्याआधीचा आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल असे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम जाहीर केले. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स आणले. आज जगातील बहुतेक मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे आपल्या कापडवाल्यांना जेकार्डच्या मागावरून लवकर समजेल. फ्रान्सच्या लिआँ शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग तयार केला. कोणता उभा धागा कधी उचलायचा हे कार्ड सांगते आणि तशी नक्षी उतरते. बाजारात आपण तयार ठाण विकत घेतो तेव्हा नक्षी मिळते, कार्डे मिळत नाहीत. नक्षीत एक फूल बदलायचे म्हटले तर कार्डवाल्याकडे जावे लागते. नेहमीच्या सॉफ्टवेअरचे असेच असते. तयार माल मिळतो. ओपन सोर्समध्ये मालक तयार ठाणही देतो आणि कार्डांचा पूर्ण संचही देतो. या संचाला सोर्स कोड म्हणतात. कार्डे मागावर चढवून ठाण उतरवण्याच्या कामाला बिल्ड करणे म्हणतात.

ही कार्डे जिथे ठेवलेली असतात त्या भांडाराला रिपॉझिटरी म्हणतात. सर्वात मोठे भांडार गिटहब. ते २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. त्याच्या मुळाशी गिट नावाचे साधन आहे. तेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केले. कोणत्या तारखेला कोणी कोणती ओळ बदलली याची पक्की नोंद गिट ठेवते. आपल्या भाषेत तो सोर्स कोडचा रोजनामचाच आहे.

आपल्याच राज्यातील उदाहरण

मुंबईच्या ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा होता. तिथे तयार सॉफ्टवेअर बसवण्याचे जमेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर उभे राहिले. खरेदी, विक्री, स्टॉक, कारखाना सारे त्यात आहे. मोठ्या प्रोसेस हाऊसला किंवा दोन-चार शाखांच्या पेढीला ते उपयोगी आहे. मात्र ते सर्व्हरवर बसवावे लागते आणि त्यासाठी जाणकार माणूस लागतो.

एका दुकानासाठी त्याच मंडळींच्या फ्रॅपे कंपनीने फ्रॅपे बुक्स नावाचा छोटा प्रोग्राम काढला आहे. तो आपल्याच संगणकावर चालतो, इंटरनेट नसले तरी चालतो. दुहेरी नोंद, बिले, नफा-तोटा, ताळेबंद त्यात होतात. सगळा हिशेब एकाच डेटाबेस फाइलमध्ये राहतो, त्यामुळे ती एक फाइल पेनड्राइव्हवर उतरवली की बॅकअप झाला. आणि सोर्स कोड उघडा असल्याने उद्या कंपनीने लक्ष काढले तरी वही उघडणारा प्रोग्राम कोणीही जाणकार पुन्हा बिल्ड करू शकतो. किल्ली आपल्या हातात असणे ते हेच.

कशिद्याच्या कारागिरांसाठीही असा माल आहे. इंकस्केप हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडून चालणारे इंकस्टिच. त्यावर काढलेली नक्षी एम्ब्रॉयडरी मशीनच्या फाइलीत उतरवता येते. दोन्ही ओपन सोर्स आहेत.

भांडारात शिरताना काय पाहावे

बाजारात नवीन पेढीशी व्यवहार करण्याआधी आपण चौकशी करतो. इथेही तेच करावे.

१) पत्ता नीट पाहावा. सारख्या नावाची बनावट भांडारे असतात. मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्यानेच आत जावे. व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल कधीही चालवू नये.

२) रीडमी नावाची फाइल वाचावी. प्रोग्राम काय करतो आणि कसा बसवायचा हे तिथे लिहिलेले असते.

३) लायसन्स वाचावे. लायसन्स नसेल तर कोड दिसत असला तरी वापरण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. फ्रॅपे बुक्सचे लायसन्स एजीपीएल ३ आहे. आपल्या दुकानात वापरायला, बदलायला त्यात मुभा आहे. बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, किंवा नेटवरून दुसऱ्यांना वापरायला दिला, तर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. वक्फची विहीर जशी सर्वांना खुली असते आणि कोणालाही तिला कुंपण घालता येत नाही, तशीच ही शर्त आहे.

४) शेवटचा बदल कधी झाला आणि तक्रारींना उत्तरे मिळतात का, हे पाहावे. तक्रारी इश्यूज या सदरात असतात. दोन-तीन वर्षे हात न लागलेले भांडार हे बंद पडलेल्या पेढीसारखे समजावे. ताऱ्यांच्या संख्येवर भुलू नये. तारे खोटेही मिळवता येतात.

तयार माल की स्वतः बिल्ड?

बहुतेक व्यापाऱ्यांनी तयार मालच घ्यावा. भांडाराच्या पानावर रिलीजेस हे सदर असते. तिथे विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी तयार फाइली असतात. आपल्या मशीनची फाइल उतरवावी आणि बसवावी.

स्वतः बिल्ड करण्याची गरज केव्हा पडते? बिलात मीटरबरोबर ताग्यांची संख्याही छापायची असेल, मजकुरात मराठी शब्द हवे असतील, किंवा आपल्या मशीनसाठी तयार फाइल नसेल तेव्हा. हे काम घरातील इंजिनिअरिंगच्या मुलाला किंवा मुलीला सांगावे. पण काय चालले आहे हे मालकाला समजले पाहिजे. फ्रॅपे बुक्सपुरते ते असे:

आधी संगणकावर गिट आणि नोड-जेएस बसवायचे. नोड-जेएसची आवृत्ती रीडमीत सांगितली असेल तीच घ्यायची. मग ‘गिट क्लोन’ ही आज्ञा देऊन भांडाराची प्रत आपल्याकडे आणायची. पुढच्या साधनाचे नाव कापडवाल्यांना गंमतीचे वाटेल: यार्न, म्हणजे सूत. ‘यार्न’ एवढेच टाइप केले की प्रोग्रामला लागणारे बाहेरचे छोटे-मोठे भाग नेटवरून गोळा होतात. ‘यार्न देव्ह’ ने प्रोग्राम चालवून पाहता येतो आणि ‘यार्न बिल्ड’ ने बसवण्यायोग्य फाइल तयार होते. या आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात.

पहिल्या खेपेला बिल्ड अडले तर घाबरू नये. बहुतेक वेळा कारण आवृत्तीचे असते. नक्षी तीच असली तरी सूत चाळीस काउंटऐवजी साठचे घेतले तर कापड वेगळे उतरते, तसेच हे आहे. म्हणून भांडारात एक लॉक फाइल ठेवलेली असते. कोणता भाग नेमका कोणत्या आवृत्तीचा घ्यायचा हे तिच्यात नोंदलेले असते. ती पुसू नये. अडचणीचा संदेश जसाच्या तसा इश्यूजमध्ये शोधला तर पुष्कळदा उत्तर सापडते.

उघडे आहे म्हणून डोळे मिटू नयेत

सोर्स कोड उघडा आहे म्हणजे धोका नाही, असे मानू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. कोणीतरी दोन-अडीच वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला होता आणि मग वाटपाच्या गठ्ठ्यात गुपचूप जास्तीचा भाग घातला होता. तो भाग गिटच्या भांडारात पूर्ण दिसत नव्हता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधून काढला. यातून दोन धडे मिळतात. एक, विश्वासातही तपासणी लागते. दुसरा, कोड उघडा होता म्हणूनच बाहेरच्या माणसाला खोलात जाऊन चोरी पकडता आली.

व्यापाऱ्याने करायची काळजी साधी आहे. नवी आवृत्ती आली की आधी हिशेबाच्या फाइलची प्रत काढावी, मग आवृत्ती बदलावी. प्रत दुकानात एक आणि घरी एक ठेवावी. सुरुवात १ एप्रिलपासून करावी आणि पहिले तीन महिने जुना आणि नवा हिशेब जोडीने चालवावा. दोन्हींची बाकी जुळली की जुना सोडावा. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. आपली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअरच लागते. या दोन्ही गोष्टी निवडलेल्या प्रोग्राममध्ये होतात की नाही, हे सीएला दाखवून खात्री करूनच पाऊल टाकावे.

हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण शिकायला वेळ लागतो आणि बसवणाऱ्याची मेहनत असते. त्या मेहनतीचा मोबदला जरूर द्यावा. आपल्या शहरात संगणक शिकलेले पुष्कळ तरुण नोकरीच्या शोधात पुण्या-मुंबईला जातात. दहा-वीस दुकानांचे हिशेब बसवून देणे आणि सांभाळणे, हीही इज्जतीची हलाल रोजी आहे. १९०६ साली शाहू महाराजांच्या आधाराने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, ते आपली मुले शिकावीत म्हणूनच. ती शिकलेली पिढी आपल्याच बाजाराच्या कामी आली तर त्याहून चांगले काय?

हिशेब ही गिऱ्हाइकाची, भागीदाराची आणि आपल्या वारसांची अमानत आहे. तिचे कुलूप आपले असावे, किल्ली आपली असावी आणि दोन्ही हलाल मार्गाने आलेली असावीत. अल्लाह तआला आपल्या तिजारतीत बरकत देवो. आमीन.