तातडीच्या दारात (भाग ६) : श्वास लागतोय

मागच्या आठवड्यात छातीत दुखण्याबद्दल लिहिलं. आज त्याच्या शेजारची तक्रार. अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत रात्री उशिरा जी तक्रार हमखास दारात येते ती धापेची. बुवापाड्यासारख्या दाट वस्तीतून असा माणूस बहुतेक वेळा रिक्षातून येतो, दोन्ही बाजूंनी दोन माणसं धरलेली, मागून कुणीतरी सांगत असतं, ‘डॉक्टर, आधी सलाईन लावा.’ त्या सलाईनबद्दल पुढे बोलायचं आहे, कारण धाप लागलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत सलाईन हाच घात ठरू शकतो.

डॉक्टरकीत एरवी आधी विचारपूस होते, मग तपासणी, मग निदान आणि शेवटी औषध. श्वास लागलेल्या माणसापुढे हा क्रम मोडावा लागतो. इथे उपचार आधी सुरू होतात आणि आजाराचं नाव चालता चालता शोधायचं असतं. भारतात तातडीचं वैद्यक या विषयाला पदव्युत्तर शिक्षणात स्वतंत्र जागा मिळाली ती २००९ मध्ये. पण ही शिस्त त्याआधीच्या पिढ्यांतले चांगले डॉक्टरही पाळत आलेच होते.

पहिली तपासणी यंत्राशिवाय होते आणि अर्ध्या मिनिटात संपते. माणूस आडवा पडू शकतो, की बसूनच राहतो? पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसला असेल, मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात असतील, तर त्याला झोपवायचं नाही. नातेवाईक प्रेमापोटी त्याला आडवं करतात आणि त्रास वाढतो. मग त्याला बोलतं करायचं. ‘राहता कुठे?’ या प्रश्नाला ‘बुवापाड्यात राहतो, संध्याकाळपासून त्रास होतोय’ असं एका दमात उत्तर आलं तर हातात थोडा वेळ आहे. ‘बुवा…’ म्हणून श्वास घेऊन ‘पाड्यात’ म्हणावं लागलं, तर वेळ नाही. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात. तिसाच्या वर गेले की सिस्टर न सांगता ऑक्सिजन ओढून आणतात.

एक धोका मात्र इथे ठळकपणे सांगितला पाहिजे. दम्याचा रुग्ण तासभर तडफडतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असतो, आणि मग तो हळूहळू शांत होतो, आवाज थांबतो, डोळे मिटतात. घरच्यांना वाटतं, उतार पडला. प्रत्यक्षात शिट्टी वाजायलाही हवा आत-बाहेर जावी लागते. ती जाईनाशी झाली म्हणून आवाज थांबला. थकून गप्प झालेला दम्याचा रुग्ण हा साऱ्या खोलीतला सर्वांत गंभीर रुग्ण असतो.

कोविडनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोचला. चांगली गोष्ट झाली. पण तो कुठे फसतो तेही माहीत हवं. बोटं गार पडली असतील किंवा नखांवर गडद रंग असेल तर आकडा चुकू शकतो. याहून मोठी फसवणूक होते ती कार्बन मोनॉक्साइडमध्ये. थंडीत बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून आंघोळीला गेलेला माणूस डोकं धरून, गरगरत बाहेर येतो किंवा आतच कोसळतो. ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोघांतला फरक ओळखता येत नाही. अशा वेळी आकड्यावर विश्वास न ठेवता रुग्णाला मोकळ्या हवेत आणायचं आणि रुग्णालयात मास्कनं पूर्ण जोराचा ऑक्सिजन द्यायचा. घरातल्या दोन-तीन माणसांचं एकदमच डोकं दुखू लागलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. निदान बऱ्याचदा त्या एका वाक्यात सापडतं.

आता छातीला नळी लावून ऐकायचं. दोन्हीकडे शिट्टी ऐकू आली तर बहुधा दमा. साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमची मशीनमधून वाफ, जोडीला स्टेरॉइड. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला चार ते सहा तास लागतात, म्हणून ते पहिल्या तासातच द्यावं लागतं. एवढ्यानं भागलं नाही तर मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून. रोजचा पंप (इनहेलर) घ्यायला लोक घाबरतात, ‘सवय लागेल’ म्हणतात. मला वाटतं, दम्यानं होणारे कितीतरी मृत्यू या एका गैरसमजाच्या खाती जमा होतील. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट फुप्फुसात पोचतं. गोळीतून तेच काम करायला त्याच्या कितीतरी पट औषध सबंध शरीरात फिरवावं लागतं.

पण शिट्टी हृदयाच्या आजारातही ऐकू येते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, जुना रक्तदाब, पायांना सूज, गेले काही दिवस दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, आणि आज मध्यरात्री गुदमरून उठून बसला. कधी तोंडाला गुलाबीसर फेस. हृदयाचा पंप कमकुवत पडल्यानं फुप्फुसात पाणी साचलेलं असतं. त्याला हवं असतं लघवीवाटे पाणी काढणारं फ्रुसेमाइड, रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरिन, दाबानं हवा देणारा मास्क आणि लगोलग ईसीजी. अशा माणसाला नातेवाइकांच्या आग्रहाखातर सलाईनची बाटली चढवली तर आधीच भरलेल्या फुप्फुसात आणखी पाणी जातं. म्हणून डॉक्टर सलाईन लावत नसतील तर कृपा करून भांडू नका. तो हलगर्जीपणा नसतो, तोच उपचार असतो.

बाकीची कारणं भराभर सांगतो. छाती अगदी स्वच्छ, पण श्वास खोल आणि जलद, तोंडाला फळासारखा वास, तर आधी शुगर तपासायची, कारण मधुमेहात रक्त आम्ल झालं की शरीर श्वासावाटे ते आम्ल फेकत राहतं. एका बाजूला आवाजच नाही, विशेषतः जुना क्षयरोग असेल, तर फुप्फुस फाटून हवा बाहेर साचलेली असू शकते. इंजेक्शन, गांधीलमाशी किंवा कोळंबीनंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, धाप लागली, तर मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, ताबडतोब. धडधाकट लहान मूल खेळता खेळता अचानक ठसकून गुदमरलं तर घशात शेंगदाणा किंवा मणी अडकल्याचं मनात आणायचं. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायका आणि जुने विडी ओढणारे यांच्या फुप्फुसांना ऑक्सिजन मोजून द्यावा लागतो, ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ पर्यंत, त्याहून जास्त नको. आणि ‘घाबरल्यामुळे होतंय’ हे निदान सगळ्यांत शेवटी करायचं. तरुण मुलींच्या बाबतीत ते फार लवकर केलं जातं, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

या पट्ट्यात धापेचं आणखी एक कारण आहे, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला जेमतेम जागा मिळते. सभोवती रसायनांचे कारखाने आहेत. मधून वालधुनी नदी वाहते, तीच जी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून पुढे उल्हासनगरात जाते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरच्या वडोलगाव भागात या नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं, आणि काठच्या शेकडो रहिवाशांना मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग आणि धाप अशा तक्रारींनी रुग्णालय गाठावं लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक भागातून निघालेल्या वाफांनी शहरावर धुक्यासारखा थर धरला, लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन असंच नाल्यात सोडलं गेलं आणि सहा कामगार मेले. रसायन नाल्यात सोडणं ही नुसती प्रदूषणाची बाब नाही. ती जीव घेणारी कृती आहे.

अशा रात्री कॅज्युअल्टीत काय होतं? जे सर्वांत आधी येतात ते स्वतःच्या पायांनी चालत येतात, म्हणजेच त्यांना सर्वांत कमी लागलेलं असतं. खाटा त्यांनीच भरतात. खरे गंभीर रुग्ण मागाहून, उचलून आणले जातात. म्हणून दारातच एका अनुभवी माणसानं वर्गवारी करायची. तान्ही मुलं, गरोदर बाया, दम्याचे आणि हृदयाचे जुने रुग्ण यांना लक्षणं कमी असली तरी वेगळं काढायचं. वायू कुठला हे अजून कळलेलं नसतं, आणि त्यासाठी थांबायचंही नसतं. भोपाळला डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या रात्री हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढे हजारो माणसं होती आणि विष कोणतं ते सांगायला कुणी नव्हतं. वायूचं नाव ठाऊक नसलं तरी कपडे उतरवता येतात, अंग आणि डोळे भरपूर पाण्यानं धुता येतात, ऑक्सिजन आणि वाफ देता येते. नुसते कपडे उतरवले तरी अंगावरच्या विषाचा मोठा भाग निघून जातो, आणि सिस्टर-मावशींनाही त्याची बाधा होण्याचा धोका कमी होतो.

मग वायूचा स्वभाव ओळखायचा. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा पाण्यात चटकन विरघळतात. त्या डोळ्या-नाकाच्या ओलाव्यातच पकडल्या जातात, आग होते, माणूस पळतो आणि बहुधा वाचतो. नायट्रोजन डायऑक्साइड, फॉस्जीन हे वायू पाण्यात सहजी विरघळत नाहीत. घशाला जेमतेम खवखव होते, ते खोल फुप्फुसात उतरतात, आणि माणूस घरी जाऊन जेवून झोपल्यावर, काही तासांनी, कधी चोवीस तासांपर्यंतही, फुप्फुसात पाणी भरू लागतं. डॉक्टर तुम्हाला बरं वाटत असूनही थांबवून घेतात ते यासाठी.

हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा आणखी वेगळी. सल्फाइडयुक्त सांडपाण्याला आम्ल भेटलं की तो सुटतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास येईनासा होतो. लोक समजतात गॅस ओसरला. हवेपेक्षा जड असल्यानं तो नाल्यात, गटाराच्या चेंबरमध्ये साचून राहतो. चेंबरमध्ये कोसळलेल्या माणसाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, अशा बातम्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षं येत आहेत. हवेचं स्वतंत्र नळकांडं पाठीवर असल्याशिवाय कुणीही खाली उतरू नये. तोंडाला बांधलेला ओला रुमाल तिथे उपयोगी पडत नाही.

वायूचं नाव लवकर कळावं यासाठी कायदा आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक रसायनाचं माहितीपत्रक ठेवणं, आणि मोठा धोका असलेल्या कारखान्यांनी आसपासच्या वस्तीला धोक्याची व बचावाची माहिती देणं बंधनकारक आहे. टँकरवर रसायनाचा चार आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहिलेली पाटी असावी लागते. ही माहितीपत्रकं अंबरनाथच्या छाया रुग्णालयात आणि उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, कॅज्युअल्टीच्या टेबलावर असली पाहिजेत. कारखान्याच्या कपाटात ती रात्री दोन वाजता कुणाच्या उपयोगाची?

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. धाप लागलेल्या माणसाला बसतं ठेवून १०८ ला फोन करा. २०१४ पासून चाललेल्या या रुग्णवाहिका सेवेच्या गाडीत डॉक्टर असतो, आणि ऑक्सिजन तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. निघताना त्याची औषधं, पंप आणि जुने कागद पिशवीत टाका. आणि आडवेळी नाल्याकाठी टँकर उभा दिसला तर जवळ न जाता, वारा जिकडून येतो त्या बाजूला राहून, पाटीवरच्या क्रमांकाचा फोटो काढा आणि तो पोलिसांना कळवा. लोक आजारी पडू लागले असतील तर तोच फोटो कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनाही दाखवा.

पुढच्या आठवड्यात पोटदुखी.